पाण्यातल्या झाडांची हवा

"वजन काय म्हणतंय?"

किलोकाकांच्या तोंडी हे तीन शब्द दिवसातून दहादा तरी यायचे. कुणाचा मुलगा आजारातून उठला असं कळलं, की काका विचारायचे, वजन काय म्हणतंय? कुणी कलिंगड टिचकी मारून निवडलं, की काका ते दोन्ही हातांवर तोलून बघायचे. एकदा जिन्यात कुणीतरी आपल्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, तेव्हाही सवयीनं त्यांच्या तोंडून तेच निघालं आणि मुलीची आई आठवडाभर बोलली नाही. किलोकाका हे नाव त्यावरूनच पडलं. अंगानं मात्र काका काटकुळे. शर्ट खुंटीला टांगावा तसा खांद्यांवर टांगलेला असायचा.

त्यांचं काम आग विझवायचे लाल सिलिंडर भरण्याचं आणि तपासण्याचं. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. इस्पितळं, छापखाने, कचेऱ्यांची तळघरं, जिथे जिथे भिंतीला लाल सिलिंडर टांगलेला असतो, तिथे तिथे काका खांद्याला पिशवी लावून जायचे. पिशवीत हुकाला टांगून वजन करायचा काटा असायचा. काही सिलिंडरांत कार्बन डायऑक्साइड असतो. तो आत इतका दाबून भरलेला असतो की त्याचा पाण्यासारखा द्रव झालेला असतो. अशा सिलिंडरावर कुणी मीटर बसवला, तरी त्याची सुई बघून काही कळत नाही. आत थेंबभर द्रव शिल्लक असेतो सुई भरल्यासारखीच उभी राहते आणि तो संपला की एकदम पडते. खरं कळतं ते फक्त वजनावरून. हे साधं ज्ञान काकांनी मनात जपलं होतं, जसा शेतकरी बी जपतो. नवख्यांना ते कधी रागावून शिकवायचे, कधी गप्पच बसायचे. ते गप्प का बसायचे, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अरुंद गॅलरी. बायको जाऊन सात वर्षं झालेली. मुलगा जहाजावर इंजिनाच्या खोलीत नोकरीला, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं. सून आली ती दोन पिशव्या आणि एक काचेची टाकी घेऊन. टाकी चांगली तीन फूट लांब. सगळ्या प्रवासात तिनं ती चादरीत गुंडाळून मांडीवर धरली होती.

"एवढे मासे पाळणार?" काकांनी विचारलं होतं.

"मासे पाहुणे, बाबा," ती म्हणाली होती. "झाडं घरची."

आणि खरोखर तसंच होतं. मासे नखाएवढे, जेमतेम दहाबारा. झाडं मात्र नाना तऱ्हेची. मुळाच्या लाकडाला बांधलेली जाड पानांची, वाळूतून उठून लांब रिबिनीसारखी हेलावणारी, आणि पुढच्या बाजूला तळाशी पसरलेली बारीक लाल पानांची गादी. ती लाल झाडं तिनं कुठून कुठून एकेक काडी जमवून लावली होती. सून पूर्वी नकाशे काढायच्या कचेरीत होती, तिच्या बोटांना बारीक कामाची सवय. लांब चिमटा घेऊन ती टाकीत हात घालायची तेव्हा मासेसुद्धा बाजूला व्हायचे नाहीत.

मग नात झाली. बाळंतपण उरकून सून माहेरून परत आली, तेव्हा काकांनी तिला एक भेट दिली. टाकीवर लावायला दिवा. साधासुधा नव्हे, तळघरांत दिवे बसवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून आणलेला लखलखीत पांढरा दिवा. तो लागला आणि टाकी सकाळच्या ओढ्यासारखी उजळली. सुनेचा चेहराही उजळला. काकांना वाटलं, चला, आपल्या हातून एक तरी गोष्ट बरी झाली. तेव्हापासून दिवा सकाळी लागायचा तो रात्री निजताना विझायचा. नात टाकीखालीच जमिनीवरच्या गादीवर झोपायची. पाण्याच्या पंपाची गुळगुळ ऐकली नाही तर ती डोळाच मिटायची नाही.

दोन महिन्यांत झाडांचा रंग फिरला.

नवी पानं बारकी आणि फिकट येऊ लागली. जुन्या पानांना सुईनं टोचल्यासारखी भोकं पडली. लाकडावर आणि पानांच्या कडांवर शेवाळाचे काळे केस उगवले, म्हाताऱ्या माणसाच्या कानात उगवतात तसे. लाल गादी मध्येमध्ये विरघळून खालची वाळू दिसू लागली. सून रोज ते केस खुडायची आणि ते रोज वाढायचे. शेवटी ती माशांच्या दुकानात जाऊन आली.

"बाबा, झाडं उपाशी आहेत म्हणाला दुकानवाला. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायला हवा. लहान सिलिंडर असतो, नळी असते, थेंब थेंब फुगे सोडायचे." ती हसून म्हणाली, "मी म्हटलं, आमच्या घरी तर भरणारेच आहेत!"

काकांनी चहाचा कप बशीत ठेवला.

"नको."

"नको म्हणजे?"

"घरात तो गॅस नको."

"पण का?"

"नको म्हटलं ना!"

एवढ्या चढ्या आवाजात ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. सून आत गेली. त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलणं उरलं. जेवायला बसा. पाणी आलंय. छकुली झोपलीय, दार हळू लावा.

तिसऱ्या दिवशी काका कामावरून परतत होते. जिन्याच्या वळणावर त्यांना वरून आवाज ऐकू आला. समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण चौकशीतून नाही.

"काय गं, सासऱ्यांनी गॅस नाकारला म्हणे? दिवसभर गावाला गॅस वाटतात आणि घरच्या माणसाला फुगाभर देववत नाही?"

"जाऊ द्या हो," सून म्हणत होती. "या घरात माझी म्हणावी अशी ती एकच वस्तू आहे. ती मरताना बघत बसायचं, एवढंच आहे माझ्या हातात. छकुलीला घेऊन माहेरी जाऊन राहावं असं वाटतं कधीकधी."

काका जिन्यातच थांबले. वर जावं तरी पंचाईत, खाली जावं तरी पंचाईत. कठड्याला धरून ते मास्तरीणबाईंचं दार लागेपर्यंत उभे राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी ताट अर्ध्यावरच सोडलं. सून आणि नात गेल्या की या खोल्यांत पंपाची गुळगुळ तेवढी उरणार होती. आणि गॅस आला तर? दोन किलोचा लहान सिलिंडर म्हटला तरी उघडा पडला तर हजार लिटरच्या वर हवा होते. ती हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीवर पसरते. आणि जमिनीवर गादी होती.

सकाळी पायात चपला घालताना ते सुनेकडे न बघताच म्हणाले, "आण तो सिलिंडर. फक्त खिडकी वीतभर उघडी ठेवायची. आणि बसवणार मी."

सुनेला इतका आनंद झाला की अटी तिच्या कानात शिरल्याच नाहीत. काका संध्याकाळी परत आले तेव्हा दुकानाचा माणूस येऊन सगळं बसवून गेला होता. टाकीशेजारी कोपऱ्यात सिलिंडर उभा होता, त्यावर मीटर, त्यातून निघालेली बारीक नळी, आणि पाण्यात एकामागून एक सुटणारे मोत्यासारखे फुगे.

"बघा, सुई एकदम भरलेली," सून कौतुकानं म्हणाली.

काका खाली बसले. त्यांनी नळ बंद केला, नळी सोडवली, पिशवीतला काटा काढला आणि मीटरसकट सिलिंडर हुकाला टांगला. नऊ किलो ऐंशी ग्रॅम. आकडा त्यांनी कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिला.

"आता माझ्या झाडांचंही वजन करणार का बाबा?" सून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती. काकाही कसनुसे हसले.

पुढचे तीन दिवस काकांचा जीव टांगणीला लागला होता. कामावर असले तरी कान घराकडे. एका कचेरीत त्यांनी एकच सिलिंडर दोनदा तपासला आणि शेजारचा तसाच सोडला. फाटकातून परत वळावं लागलं. बाळाला सर्दी झाली, तर सर्दीनं श्वास वाजतोय की आणखी कशानं, हे ऐकत ते तिच्या छातीशी कान लावून बसायचे. खिडकी ते वीतभर उघडायचे आणि गार वारा लागतो म्हणून सून ती लावून घ्यायची.

टाकीत मात्र बरं चाललं होतं. पानांवर बारीक बुडबुडे चमकू लागले होते. सून ते बोटानं दाखवायची, काका मान डोलवायचे आणि त्यांची नजर खाली गादीकडे जायची.

खेड्यांतली माणसं जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. काकांनी ते लहानपणी पाहिलं होतं. चौथ्या दिवशी ते दुपारीच घरी आले. सून आंघोळीला गेली होती आणि नात गाढ झोपली होती. काकांनी दाराला कडी घालायचंही भान ठेवलं नाही. मेणबत्ती पेटवून ते गुडघ्यांवर बसले आणि ज्योत फरशीपासून चार बोटांवर धरून गादीभोवती रांगू लागले. मेणबत्ती विझण्याइतका गॅस साचेपर्यंत माणसाला फार उशीर झालेला असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ते रांगत होते. हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"अगंबाई!" दारातून मास्तरीणबाई ओरडल्या. "किलोकाका, भरदुपारी मेणबत्ती घेऊन काय शोधताय? दिवा आहे की वर एवढा मोठा!"

ज्योत सरळ जळत होती. त्यांनी ती फुंकून विझवली आणि सिलिंडर काट्याला टांगला.

आठ किलो चारशे चाळीस.

त्यांनी डोळे चोळले. पुन्हा टांगला. तोच आकडा. चार दिवसांत सहाशे चाळीस ग्रॅम कमी. एवढुशा फुग्यांना दिवसाला फार तर पंधरा ग्रॅम लागावेत. बाकीचा गॅस कुठे गेला? मीटरची सुई तर पहिल्या दिवशी होती तिथेच उभी होती.

हात मात्र शिकलेले होते. त्यांनी वाटीत साबणाचं पाणी केलं आणि मीटर जिथे सिलिंडरला जोडला होता तिथे लावलं. तिथे फेस फुलू लागला, आधी मोहरीएवढा, मग बोराएवढा. गॅस निसटू नये म्हणून जोडाच्या आत नवी चकती घालायची असते; दुकानाच्या माणसानं जुनी, दबून चपटी झालेली घातली होती.

काकांनी नळ आवळून बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि झोपलेल्या नातीला गादीसकट उचलून जिन्यात नेलं. ती दचकून रडायला लागली. मोठ्यानं रडत होती, म्हणजे फुप्फुसं ठणठणीत होती.

सून ओल्या केसांनी धावत आली. "काय झालं? बाळ बाहेर का?"

"गळतोय. चार दिवसांपासून गळतोय."

"पण सुई तर..."

"सुईचं नाव काढू नकोस!"

मास्तरीणबाईंनी पहिल्यांदाच स्वतःहून आपलं दार लावून घेतलं. काका पायरीवर बसले. त्यांच्या वरच्या पायरीवर बाळाला खांद्याशी घेऊन सून बसली. मग काका भिंतीकडे बघत बोलू लागले.

"माझ्या जोडीला एक होता. पैलवान म्हणायचो त्याला. एका छापखान्याच्या तळघरात एकाला एक जोडलेले मोठे सिलिंडर होते. आग लागली की सगळे एकदम सुटायचे. त्यांचा मीटर वरच्या मजल्यावर होता. मी सुई बघितली आणि म्हटलं, भरलेले आहेत, सगळं ठीक आहे, जा खाली, नुसत्या चिठ्ठ्या लावून ये. वजन करायचा कंटाळा केला मी. सोळा सिलिंडर होते गं, आणि त्यातले काही गळून तळघरात गॅस साचला होता. पैलवान खाली उतरला. पाना खाली पडला म्हणून तो उचलायला वाकला, आणि वाकला तो तसाच आडवा झाला. झोपल्यासारखा. मी जिन्यावरून बघत होतो. श्वास कोंडून उतरलो आणि त्याला ओढत वर आणला."

"गेले ते?"

"नाही. आहे अजून. पण बोलताना त्याला शब्द सापडत नाहीत. मी भेटायला गेलो की माझा हात धरून बसतो. स्वतःच्या बायकोला नाव विचारतो माझं."

बाळ रडायचं थांबून काकांच्या पिशवीचा पट्टा चोखू लागलं होतं.

"हे आधी का नाही सांगितलंत?" सुनेचा आवाज चढला. "मी काय समजत होते, तुम्हाला माझी टाकीच नकोय! आणि एवढं होतं तर मग आण का म्हणालात?"

"तू जिन्यात बोललीस ते ऐकलं मी. माहेरी जाण्याचं."

सुनेनं बाळाच्या तोंडातून पट्टा सोडवला. मग म्हणाली, "चोरून ऐकायचं आणि चोरून घाबरायचं. वा!"

घरात आज धोका नव्हता. चार दिवसांत थोडाथोडा सुटलेला गॅस दाराखालून आणि फटींतून निघून गेला होता. काकांनी तसं दोनदा सांगितलं, तिच्यासाठी एकदा आणि स्वतःसाठी एकदा. सिलिंडर त्यांनी त्याच दुपारी गच्चीवर नेऊन पाइपाला साखळीनं उभा बांधला.

पण झाडांचा प्रश्न उरलाच. संध्याकाळी दोघं टाकीसमोर बसली. काकांना बोलायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ते आपलं कचेऱ्यांतलं भाषण बोलू लागले. "आगीला तीन गोष्टी लागतात. जळण, ऊब, हवा. तिन्ही जुळल्या तर आग. एक काढली की खलास."

"झाडांनाही तीनच," सून विचार करत म्हणाली. "खत, उजेड आणि तो गॅस. पाण्यात थोडा गॅस आपोआप असतो. मासे सोडतात, हवेतून उतरतो. आधीच्या घरी पाच वर्षं तेवढ्यावरच झाडं जगली की." ती थांबली. मग वर बघत म्हणाली, "इथे बदललं काय मग?"

काकांनीही वर बघितलं. लखलखीत पांढरा दिवा.

"सकाळपासून रात्रीपर्यंत," ते हळूच म्हणाले. "मीच आणला."

"तो झाडांना पळवतोय. जेवढा उजेड, तेवढी भूक. आणि एवढी भूक भागवायला पाण्यात गॅस नाही." सुनेनं कपाळाला हात लावला. "म्हणजे बाबा, गॅस टाकीला लागत नव्हता. तुमच्या दिव्याला लागत होता!"

काकांचा चेहरा इतका उतरला की तिला हसू आवरेना. "एवढी चांगली भेट आहे, फेकत नाही मी," ती म्हणाली. "जरा दूर टांगू."

दिवा हातभर वर गेला. दिवसाचे सहा तास, त्याहून मिनिटभर जास्त नाही. मग वाट बघणं सुरू झालं. काका रोज सकाळी तोंड न धुताच टाकीसमोर बसायचे. पान सुधारलं नाही तर सून पुन्हा गॅसचं नाव काढेल आणि या खेपेला तिला नाही कसं म्हणायचं, या धास्तीनं ते पानं मोजायचे आणि मोजणी चुकायची. पहिला आठवडा काही हललं नाही. उलट आणखी दोन पानं गळली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लाकडावरच्या झाडाला एक नवं पान आलं, पोपटी, गुंडाळीतून अर्धं उलगडलेलं. त्याला एकही भोक नव्हतं. काळे केस होते तेवढेच राहिले, वाढले नाहीत.

फक्त लाल गादी विरतच राहिली. मुळांशी दोनचार काड्या आणि वर तरंगणारा कचरा. सून चिमटा हातात धरून कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होती.

"ही जगणार नाहीत," ती म्हणाली. "यांना भरपूर उजेड हवा आणि गॅसही हवा. दुसऱ्या कशानं नाही भागायचं."

"सिलिंडर गॅलरीत ठेवू. नळी तेवढी आत घेऊ. नवी चकती मी घालतो. सकाळ-संध्याकाळ वजन करीन."

"आणि दुपारी रांगाल."

"रांगेन."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. ते खरंच बोलत होते, कपाळावर घाम आला होता तरी.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणता म्हणून नाही हं, हे नीट ऐका. टाकी माझी आहे. तिला काय लागतं ते मी ठरवणार. ही हिरवी झाडं राहतील. या टाकीला गॅस नको."

आणि तिनं लाल काड्या एकेक करून उपटल्या. हात स्थिर होता, पण मध्येच तिनं मनगटानं डोळे पुसले. काका चूळ भरायच्या निमित्तानं उठून गेले. ही झाडं आपल्या भीतीनं मारली की आपल्या भेटीनं, हे त्यांना ठरवता येईना, आणि विचारायचा धीर झाला नाही. दुकानवाल्याकडे मोठी टाकी होती. तिथे ती जगतील म्हणून तिनं काड्या पाण्याच्या लहान बादलीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी गच्चीवरून सिलिंडर उतरवला.

"गाडी करा बाबा. दुकान काय जवळ आहे? अर्धा-पाऊण तास चालायचं एवढं ओझं घेऊन?"

"बंद गाडीत हे नेत नसतात."

"काच खाली करायला सांगा की."

"चालत जातो," काका म्हणाले. "परत आल्यावर... घरी असाल ना दोघी?"

"जाणार कुठे? छकुलीची गादी धुवायचीय."

काका जिना उतरले. सून बाळाला कडेवर घेऊन खिडकीशी आली. सिलिंडर त्यांच्या उजव्या खांद्यावर होता, बादली डाव्या हातात. पाणी सांडू नये म्हणून ते एका अंगाला किंचित कलून, पाऊल जपून टाकत चालले होते. मास्तरीणबाईही आपल्या खिडकीतून वाकल्या होत्या, आणि नवल म्हणजे काही बोलत नव्हत्या. कोपऱ्यावर काकांनी बादली खाली ठेवली, खांदा बदलला, वाकून बादलीतल्या काड्या बघितल्या आणि पुन्हा उचलली. मग ते वळणाआड गेले. बाळ रस्त्याकडे हात करत राहिलं, म्हणून सून आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिली.